त्याला परत घ्या, असं मी म्हणत होते

२०२३ च्या ऑक्टोबरात मी भेटेल त्याला एकच गोष्ट सांगत होते: फिलाडेल्फिया फिलीज या बेसबॉल संघाने आपला फर्स्ट बेसमन रीस हॉस्किन्स याला सोडता कामा नये. ऑफिसात सांगत होते, मुलाच्या बेसबॉल टीममधल्या इतर आईबापांना सांगत होते. कोजागरीला आटवलेल्या दुधाचे पेले घेऊन बसलेल्या, बेसबॉलशी काडीचा संबंध नसलेल्या मैत्रिणींनाही मी ते ऐकवलं. माझं म्हणणं साधं होतं. तुमच्या संघाच्या कपड्यांत ज्याचा गुडघा गेला, त्याचा करार संपला म्हणून तुम्ही त्याला वाटेला लावायचं? आपल्याकडे याला 'गरज सरो, वैद्य मरो' म्हणतात.

आज माझं मत उलटं आहे. फिलीजने त्याला परत घेतलं नाही हे बरोबर केलं, असं मी आता म्हणते. खेळाबद्दलची मतं माणसं रोज बदलतात. पण हे मत माझ्यात फार खोल रुजलेलं होतं, आणि ते उपटताना मुळाशी दुसरंच काही निघालं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

बेसबॉल मला मुलामुळे कळला. तो डावखुरा. लिटल लीगच्या पहिल्याच आठवड्यात कोचने त्याला फर्स्ट बेसवर उभं केलं. डावखुऱ्याला ती जागा सोयीची असते, कारण ग्लोव्ह उजव्या हातात, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूला राहतो, आणि चेंडू पुढच्या बेसकडे फेकताना अंग वळवावं लागत नाही. त्या जागेचा ग्लोव्हही वेगळा: सुट्या बोटांचा नसतो, लांबट आणि खोलगट असतो. नवा आणला तेव्हा चामडं इतकं कडक होतं की मुलाला तो मिटताही येईना. मग तेल चोळून, आत चेंडू ठेवून, दोरीने करकचून बांधून आम्ही तो आठ दिवस गादीखाली ठेवला. चेंडू मारून फलंदाज पळत सुटला की मैदानातला कुणीतरी तो उचलून फर्स्ट बेसकडे फेकतो. तिथे उभ्या असलेल्याने एक पाय बेसला टेकवून उरलेलं सगळं अंग चेंडूच्या दिशेने ताणायचं. ते ताणणं वीतभर कमी पडलं तर पळणारा सुटतो.

तरीही जाणकार ही जागा बचावाच्या दृष्टीने सोपी धरतात. शॉर्टस्टॉप किंवा कॅचर होणं फार थोड्यांना जमतं. फर्स्ट बेसवर मात्र दुसरीकडचा चांगला फलंदाज आणून बसवता येतो. त्यामुळे तिथे टिकायचं तर बॅट बोलायला हवी, आणि एखाद्या मोठ्या फलंदाजाचा खांदा किंवा कोपर कुरकुरू लागलं की संघाची नजर आधी याच जागेकडे जाते.

हॉस्किन्स कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचा. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, फिलीजने त्याला पाचव्या फेरीत घेतलं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तो मुख्य संघात आला. पहिल्या ५० सामन्यांत त्याने १८ होमरन मारले. पुढच्या वर्षी संघाने कार्लोस सँटाना या नावाजलेल्या फर्स्ट बेसमनला आणलं आणि हॉस्किन्सला लेफ्ट फील्डला पाठवलं. ती जागा त्याची नव्हती, तरी तो तिथे वर्षभर खेळला आणि सँटाना गेल्यावर परत आपल्या जागी आला. सहा मोसमांत १४८ होमरन. यातली बरीच वर्षं फिलीजची पडती वर्षं होती. २०११ नंतर थेट २०२२ पर्यंत संघ प्लेऑफमध्ये पोचला नव्हता. स्टेडियम अर्धं रिकामं असायचं तेव्हापासून हा माणूस तिथे उभा होता.

१४ ऑक्टोबर २०२२ ला मी आणि मुलगा सिटिझन्स बँक पार्कच्या अगदी वरच्या मजल्यावर होतो. अकरा वर्षांनी घरच्या मैदानावर प्लेऑफचा सामना, समोर अटलांटा ब्रेव्हज. दोनच दिवसांपूर्वी अटलांटात एक सरपटता चेंडू हॉस्किन्सला आवरला नव्हता आणि त्यावर धाव गेली होती. बॅटही गप्प होती. तो मैदानात आला तेव्हा आमच्या आजूबाजूचे लोक नाराजी लपवत नव्हते. तिसऱ्या इनिंगमध्ये अटलांटाच्या पिचर स्पेन्सर स्ट्रायडरने फिलीजच्या काइल श्वार्बरला मुद्दाम फुकट बेस देऊन टाकला आणि हॉस्किन्सला समोर घेतलं. तुझ्यापासून आम्हाला धोका नाही, असंच ते सांगणं होतं. हॉस्किन्सने चेंडू लेफ्ट फील्डच्या प्रेक्षकांत भिरकावला आणि दोन्ही हातांनी बॅट उचलून जमिनीवर आपटली. आमच्या पायांखालचं काँक्रीट हललेलं मला जाणवलं. मुलाने माझ्या दंडाला नखं रुतवली होती. शेजारचा, मघाशी शिव्या घालणारा अनोळखी म्हातारा आम्हा दोघांना मिठी मारून रडत होता. फिलीज त्या वर्षी वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले, आणि प्लेऑफमध्ये हॉस्किन्सने ६ होमरन मारले.

पाच महिन्यांनी, २३ मार्च २०२३ ला, मोसम सुरू व्हायला बरोबर आठवडा असताना फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटरला सरावाचा सामना चालू होता. उंच टप्पा घेतलेला एक चेंडू झेलायला हॉस्किन्स मागे सरकला आणि कोसळला. कुणाचा धक्का नाही, टक्कर नाही. डाव्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला होता. गाडीवर घालून त्याला बाहेर नेलं. फिलीजबरोबरच्या त्याच्या कराराचं ते शेवटचं वर्ष होतं.

त्या वर्षी त्याची जागा भरताना संघाची ओढाताण झाली. सुरुवातीला ज्याला उभं केलं त्याचा अंगठा दुखावला, मग तिसऱ्या बेसवरच्याला तिथे सरकवलं. तिकडे संघाचा सर्वांत मोठा खेळाडू ब्राइस हार्पर कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर १६० दिवसांत, मे महिन्यात परतला होता. त्याला बॅटिंग जमत होती, पण राइट फील्डमधून लांब फेक करायची कोपराची तयारी नव्हती. त्याने फर्स्ट बेसचा सराव सुरू केला आणि २१ जुलैला क्लीव्हलंडला तो पहिल्यांदा तिथे उभा राहिला. जमलं त्याला. फिलीज पुन्हा प्लेऑफमध्ये गेले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ॲरिझोनाविरुद्ध सातव्या सामन्यात, घरच्या मैदानावर हरले.

आता हॉस्किन्सचं काय, हा प्रश्न उरला. माझ्या मनात तो प्रश्नच नव्हता. गुडघा बरा होत आला होता. वय तीस. बॅट दुखावलेली नव्हती. एक-दोन वर्षांचा करार द्यायचा, डेसिग्नेटेड हिटर म्हणून, म्हणजे फक्त बॅटिंगसाठी, खेळवायचं, फर्स्ट बेसवर अधूनमधून उभं करायचं. इतक्या श्रीमंत संघाला ते जड नव्हतं.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी साठीचा आहे, फिलीज जुन्या व्हेटरन्स स्टेडियममध्ये खेळत तेव्हापासूनचा. तो म्हणाला, "रायन हॉवर्ड आठवतो का?" मी तेव्हा भारतात होते, म्हणून त्याने सांगितलं. हॉवर्डही फिलीजचाच फर्स्ट बेसमन. २००६ मध्ये ५८ होमरन आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू. २०१० मध्ये, जुना करार संपायला दोन मोसम बाकी असतानाच, संघाने त्याला पुढच्या पाच वर्षांसाठी साडेबारा कोटी डॉलर कबूल केले. तो करार २०१२ पासून लागू व्हायचा होता. ७ ऑक्टोबर २०११ ला कार्डिनल्सविरुद्ध फिलीज १-० ने हरले, आणि त्या मोसमाचा शेवटचा बळी होता हॉवर्ड. पहिल्या बेसकडे पळताना त्याची टाचेची शीर तुटली आणि समोरचे जल्लोष करत असताना तो धावपट्टीवर पडून राहिला. परत आला, पण पहिल्यासारखा खेळ आला नाही. करारामुळे तो २०१६ पर्यंत संघात राहिला आणि शेवटी शेवटी अर्धे दिवस बाकावर बसू लागला. ज्या गावाने त्याला डोक्यावर घेतलं होतं, त्याच गावातल्या एका प्रेक्षकाने त्या वर्षी त्याच्या दिशेने बाटली फेकली.

"त्याला ठेवलं," सहकारी म्हणाला, "आणि ते बघणं आम्हाला नकोसं झालं."

मी त्याला म्हटलं की हॉवर्डचा करार चुकीच्या किमतीचा होता, इथे माणुसकीचा प्रश्न आहे. त्याने वाद वाढवला नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला फिलीजचे प्रमुख डेव्ह डॉम्ब्रोस्की यांनी जाहीर केलं की हार्पर यापुढे कायमचा फर्स्ट बेसवर खेळेल. हॉस्किन्सला संघाने क्वालिफाइंग ऑफरही दिली नाही. करार संपलेल्या आपल्या खेळाडूला संघ ठरलेल्या रकमेचा एका वर्षाचा करार देऊ करू शकतो, त्याला हे नाव आहे. त्या वर्षी ती रक्कम दोन कोटी डॉलरच्या थोडी वर होती. मला तो उघड अपमान वाटला. त्या रात्री मी जेवताना इतकी बडबडले की मुलगा ताट घेऊन उठून गेला.

१२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. आमच्याकडे सकाळ, चिंचवडला संध्याकाळ. अण्णांना फोन लावला तेव्हा पूजा आटोपून ते टीव्हीसमोर बसले होते. वर्ल्ड कपची भारत-नेदरलँड्स मॅच चालू होती. अण्णा म्हणजे माझे वडील, तेव्हा शहात्तर वर्षांचे. फराळाची चौकशी झाली, आणि मग मी हॉस्किन्सची सगळी कथा त्यांना सांगितली. बेसबॉल त्यांना ठाऊक नाही. पण ऐकून घेण्याची त्यांना सवय आहे. मधे एकदाही न बोलता त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "मग तो परत आला तर त्याला खेळायला मिळणार आहे का?"

मी म्हटलं, "अधूनमधून मिळेल ना."

"आपल्याकडे बघ," ते म्हणाले. "हार्दिकचा घोटा दुखावला आपल्या गहुंज्यातच. तो गेला म्हणून शमीला घेतलं. चार सामन्यांत सोळा विकेट काढल्यात त्याने. आता समजा हार्दिक उद्या बरा झाला. शमीला काढशील?"

"नाही काढणार."

"मग हार्दिकला काय देशील?"

मी म्हटलं, "संघात ठेवीन. त्याचा हक्क आहे तो."

अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. ते मला फोनवर ऐकू आलं. "पोरी," ते म्हणाले, "मला सतरा वर्षं ठेवलं होतं. ठेवून घेतलं, पण कामाला लावलं नाही."

इथे मला अण्णांबद्दल सांगायला हवं. ते टर्नर होते, एका कारखान्यात लेथवर. १९८८ मध्ये उजवा हात मशीनमध्ये सापडला आणि दोन बोटं पेरापासून गेली. चार महिन्यांनी कामावर गेले तेव्हा कंपनीने त्यांना टूल स्टोअरच्या खिडकीत बसवलं. कामगार येतो, आपल्या नंबरचं पितळी टोकन देतो, ड्रिल, रीमर किंवा मायक्रोमीटर घेऊन जातो. त्याचं टोकन फळीवरच्या खिळ्याला अडकवायचं, हत्यार परत आलं की काढून द्यायचं. संध्याकाळी खिळे आणि हत्यारं मोजून जुळवायची. पगार तोच राहिला. त्या पगारावर आमचं दोन खोल्यांचं घर झालं, माझं इंजिनिअरिंग झालं. आमच्या घरात त्या कंपनीबद्दल कुणी वावगा शब्द काढत नसे. 'दुसऱ्या कुणी असतं तर हातावर चार पैसे ठेवून घरी पाठवलं असतं,' हे आईचं वाक्य मी शंभरदा ऐकलं आहे. जायबंदी माणसाला ठेवून घेणं म्हणजे चांगुलपणा, हा माझा धडा त्या घरातला. हॉस्किन्ससाठी भांडताना मी खरं तर आईचं वाक्य बोलत होते.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना आत सोडायचे. मी नऊ वर्षांची असतानाचा दसरा मला आठवतो. प्रत्येक कामगार आपापल्या मशीनपाशी उभा, मशीनला झेंडूची माळ, बायकापोरांना दाखवणं चाललेलं. अण्णांनी मला खिडकी दाखवली. फळीवरची ती पिवळीधमक टोकनं पाहून मी हरखून गेले. माझे वडील या सगळ्याचे मालक आहेत असंच मला वाटलं. बाहेर पडताना अण्णा एका लेथपाशी थांबले आणि खिशातून झेंडूचं एक फूल काढून त्याच्या पाट्यावर ठेवलं. तिथे दुसरा माणूस आपल्या कुटुंबासह उभा होता. तो बाजूला झाला. मला वाटलं, सगळ्याच मशीनना फूल वाहायचं असतं.

त्या दिवशी फोनवर अण्णांनी मला पुढचं सांगितलं. हात बरा झाल्यावर त्यांनी साहेबांना विचारलं होतं, मला इन्स्पेक्शनला घ्या. मोजमाप डोळ्यांनी आणि सरावाने होतं, दोन बोटं नसली तरी मायक्रोमीटर मी धरून दाखवतो. साहेब मायेने म्हणाले, कशाला त्रास करून घेता, बसा आरामात. पुन्हा दोन वर्षांनी विचारलं, तेव्हाही तेच उत्तर. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. "माणसं चांगली होती," अण्णा म्हणाले. "पगार वेळेवर दिला, त्यांचं देणं मी विसरणार नाही. पण मला काय करता येतं ते कुणी बघितलं नाही. माझ्या हाताकडेच बघत राहिले. तुझ्या त्या खेळाडूला दुसरीकडे रोज खेळायला मिळत असेल तर जाऊ दे त्याला. बाकावर बसवून त्याचा मान राहील असं वाटतं का तुला?"

सतरा वर्षांत हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि निवृत्तीनंतरच्या अठरा वर्षांतही नाही. मी कधी विचारलंच नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी हॉस्किन्सचा प्रश्न पहिल्यांदा त्याच्या बाजूने मांडून पाहिला. तोपर्यंत मी संघाने काय करावं याचाच विचार करत होते. त्याच्या वाट्याला काय येईल हे पाहिलं नव्हतं. तो परत आला असता तर फर्स्ट बेसवर हार्पर होता. डेसिग्नेटेड हिटरची जागा श्वार्बरला हवी होती. त्या वर्षी ४७ होमरन मारणारा श्वार्बर लेफ्ट फील्डमध्ये अडखळत होता, आणि त्याला तिथून हलवणं संघाच्या भल्याचं होतं. हॉस्किन्ससाठी जागा करायची तर हार्परला बऱ्या झालेल्या कोपरासह पुन्हा राइट फील्डला पाठवावं लागलं असतं, किंवा श्वार्बरला पुन्हा लेफ्टला. एका माणसाला सामावून घ्यायला दुसऱ्याला नको त्या जागी जावं लागलं असतं. आणि संघ हरायला लागला की फिलाडेल्फियाचे प्रेक्षक कुणाकडे बोट दाखवतात, हे हॉवर्डच्या गोष्टीने सांगितलं होतं. मी हॉस्किन्ससाठी टूल स्टोअरची खिडकी मागत होते.

मग ज्या गोष्टी मला अपमान वाटल्या होत्या, त्या मी नीट समजून घेतल्या. क्वालिफाइंग ऑफर नाकारून खेळाडू दुसरीकडे गेला, तर त्याला घेणाऱ्या संघाला ड्राफ्टमधला हक्क गमवावा लागतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसाच्या गळ्यात ही अट असती तर त्याला घ्यायला संघ कचरले असते. ती नव्हती म्हणून त्याची वाट मोकळी झाली. २०२३ मध्ये एकही सामना न खेळता त्याला त्या वर्षीचे एक कोटी वीस लाख डॉलर पूर्ण मिळाले, कारण बेसबॉलमध्ये दुखापत झाली म्हणून करारातले पैसे कापत नाहीत. जायबंदी यादीतले दिवसही सेवेत धरले जातात, म्हणून सहा वर्षांची सेवा पुरी करून तो फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा, होऊ शकला. आणि हार्परची जागा कायम झाल्याचं संघाने मोसम संपल्यावर लगेच, उघडपणे सांगितलं. त्याला आशेवर टांगून ठेवलं नाही. अण्णांना 'बसा आरामात' म्हणणाऱ्यांपेक्षा हे अधिक सरळ होतं.

फ्री एजंट होण्याचा हा हक्क कुठून आला तेही मी वाचलं, आणि त्यात फिलाडेल्फिया निघालं. १९६९ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने कर्ट फ्लड या खेळाडूला न विचारता फिलीजला देऊन टाकलं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे करार संपला तरी खेळाडू संघाच्याच मालकीचा राही. फ्लडने जायला नकार दिला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १९७२ मध्ये तो हरला, पण १९७५ मध्ये एका लवादाच्या निकालाने तो नियम मोडीत निघाला. खेळाडूंना जाता येणं हे त्यांनी झगडून मिळवलं आहे. मी मात्र जाणं ही शिक्षा आणि राहणं हे बक्षीस धरून चालले होते.

इथे एक फरक मला स्पष्ट सांगितला पाहिजे, नाहीतर माझं नवं मतही जुन्यासारखंच अर्धवट राहील. हॉस्किन्ससमोर दुसरे एकोणतीस संघ होते. अण्णांसमोर कुणी नव्हतं. १९८८ साली दोन बोटं गेलेल्या टर्नरला पिंपरी-चिंचवडमध्ये दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं. त्यांना सोडून दिलं असतं तर आम्ही रस्त्यावर आलो असतो. तेव्हा ज्याला दुसरीकडे जागा नाही अशा जायबंदी माणसाला घरी पाठवणं, ही गोष्ट मी आजही क्षम्य मानत नाही. 'मोडका माल', 'संपला' असं हॉस्किन्सबद्दल बोलणारे लोक तेव्हा भेटत, त्यांचं बोलणं मला आजही तितकंच लागतं. माझं मत त्यांच्याकडे झुकलेलं नाही. मला एवढंच कळलं की कृतज्ञता आणि संघातली जागा ही दोन वेगळी देणी आहेत, आणि एक चुकतं करायला दुसरं वापरलं तर दोन्ही थकतात.

जानेवारी २०२४ मध्ये मिलवॉकी ब्रुअर्सने हॉस्किन्सला दोन वर्षांसाठी तीन कोटी चाळीस लाख डॉलर दिले. तिथे फर्स्ट बेस त्याचा होता. त्या मोसमात तो १३१ सामने खेळला. २६ होमरन मारले, पण बॅटिंगची सरासरी .२१४ एवढीच राहिली. इकडे हार्परने ३० होमरन मारले आणि फर्स्ट बेसच्या गोल्ड ग्लोव्ह या बचावाच्या पुरस्कारासाठी शेवटच्या तिघांत त्याचं नाव आलं. फिलीज ९५ सामने जिंकून २०११ नंतर पहिल्यांदा आपल्या गटात पहिले आले आणि प्लेऑफमध्ये मेट्सकडून हरले. यातल्या कोणत्याही आकड्याने माझं म्हणणं सिद्ध होत नाही. हॉस्किन्सने ४० होमरन मारले असते तरी मी हेच म्हटलं असतं. उलट, २०२५ च्या जुलैत त्याचा अंगठा दुखावला आणि तो बरा होईपर्यंत मिलवॉकीतही त्याची जागा दुसऱ्याने घेतली. जागा कुणाचीच कायमची नसते. पण त्या दीड मोसमात ती त्याची होती, रोज.

३ जून २०२४ ला ब्रुअर्स फिलाडेल्फियाला आले तेव्हा आम्ही मायलेक पुन्हा वरच्या मजल्यावर होतो. हॉस्किन्स पहिल्यांदा बॅट घेऊन आला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. त्याने हेल्मेट काढलं आणि चारही बाजूंना फिरून हात केला. टाळ्या थांबेनात. त्यात दया नव्हती, ती मला ओळखता येते. 'त्याला परत घ्या' म्हणण्याच्या दिवसांत माझ्या बोलण्यात ती होती. त्याच सामन्यात त्याने फिलीजविरुद्ध होमरन मारला आणि आम्ही दोघांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. सामना फिलीज जिंकले.

दुसऱ्या दिवशी अण्णांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "खेळतोय ना रोज? मग चांगलं झालं."

तुमच्या घरात, दुकानात, ऑफिसात किंवा संस्थेत असं कुणी असेल, ज्याला दुखापतीनंतर, आजारपणानंतर किंवा वय झालं म्हणून तुम्ही प्रेमाने 'ठेवून घेतलं' आहे, तर त्याला एकदा समोर बसवून विचारा, की तुम्हाला काय काम करता येईल, काय करावंसं वाटतं. उत्तर ऐकून ते काम त्याला द्या. तुमच्याकडे नसेल तर ते जिथे मिळेल तिथे जायला मदत करा. आमच्या घरात हा प्रश्न विचारायला पस्तीस वर्षं लागली. तुम्ही तेवढा उशीर करू नका.